बरकत, दोन, तीन

खाजाभाई मापारी यांनी माझे तांदूळ मला परत आणून दिले, तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि मी अंगणात दात घासत होते. त्यांनी सायकल फाटकाला टेकवली, कॅरिअरवरची पिशवी सोडली आणि माझ्या पायाशी आणून ठेवली. पिशवी माझीच होती. दोन दिवसांपूर्वी मीच ती मोठ्या मनानं धान्यघरात देऊन आले होते.

"बाई, हे तुमी खाता का?" त्यांनी विचारलं.

मी आधी चूळ भरली, तेवढाच विचार करायला वेळ. मग म्हटलं, "मागच्या दिवाळीचे आहेत जरा. शेजारच्या कोंबड्यांनाच घालणार होते, पण म्हटलं, कुण्या माणसाच्या पोटात तरी जातील."

"कोंबड्यांची नावं आपल्या यादीत न्हाईत, बाई," असं म्हणून ते सायकलवर टांग टाकून निघून गेले.

शेजारीण गच्चीवर कपडे वाळत घालत होती. एक साडी पिळायला तिला इतका वेळ लागताना मी कधी पाहिला नव्हता. आणि मी कोण? त्याच धान्यघराची अध्यक्ष. अध्यक्षाचंच दान नापास. माझं असं पित्त खवळलं की त्या दिवशी चहासुद्धा गोड लागला नाही. दुपारी पिशवी उघडून बघितली. तांदळाला जाळी धरली होती आणि सोंडे आरामात फिरत होते. राग गेला नाही, फक्त खाजाभाईंवरचा माझ्यावर आला.

अध्यक्ष मी हौसेनं झालेले नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले त्याच महिन्यात कळमनुरीतल्या चार भल्या लोकांनी ठरवलं, की गावात कुणी अर्धपोटी झोपू नये म्हणून धान्यघर काढायचं. ज्यांच्या घरात धान्य जास्त आहे त्यांनी आणून ठेवायचं, ज्यांच्या घरात नाही त्यांना महिन्याच्या पहिल्या गुरुवारी द्यायचं. बाजाराच्या मागची एक बंद खोली मिळाली. अध्यक्ष कोण, असं विचारल्यावर सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, कारण मी एकटीच रिकामी होते.

यादीत सव्वीस घरं. कुणी विधवा, कुणाचा नवरा अंथरुणावर, तांड्यावरची एक सोनाबाई, जिचे लेक-सून ऊसतोडीला गेले की ती आणि तीन नातवंडं मागं राहतात. आणि धुरपताबाई. धुरपताबाईंना दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. त्या भिंतीला हात लावत येतात, डबा पुढं करतात आणि "भरला का?" असं विचारतात.

या सगळ्यांना मापून देणारे खाजाभाई. वय सत्तरीच्या पुढं, अंगावर धुतलेला पायजमा, चष्म्याची एक काडी सुतळीची. चाळीस वर्षं त्यांनी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, धान्य मापलं. पुढं वजनाचे काटे आले, मग आकडे दाखवणारे काटे आले आणि मापाऱ्याला कुणी विचारेना. धान्यघर निघाल्याचं कळलं त्या दिवशी ते आपलं लोखंडी मापटं घेऊन आले आणि कोपऱ्यात मांडी घालून बसले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आता काढायची कुणाची हिंमत नाही.

त्यांचे कायदे ठरलेले. माप शिगेचं, म्हणजे वर ढीग राहील असं. हात फिरवून सपाट करणाऱ्याला ते माणसात धरत नाहीत. यादीतलं नाव एकदा पुकारलं की माप भरलंच पाहिजे. माणूस आला नाही तर ते सायकलवरून घरी पोचवणार, पण पुकारलेलं नाव रिकामं ठेवणार नाहीत. आणि मोजताना पहिल्या मापाला "एक" म्हणायचं नाही. आमच्याकडचे शेतकरी तिथं "लाभ" म्हणतात. खाजाभाई "बरकत" म्हणतात. बरकत, दोन, तीन, चार. त्यांचा आवाज असा खणखणीत की बाजारातल्या भाजीवाल्यांनाही कळतं, आत कितवं माप चालू आहे.

पण त्यांचं खरं वेड म्हणजे दान तपासणं. आलेल्या प्रत्येक पोत्यात ते कोपरापर्यंत हात घालतात आणि तळातली मूठ वर काढतात. हुंगतात. दोन दाणे दाताखाली धरून डोळे मिटतात. आपण शेजारी उभं राहायचं आणि निकालाची वाट बघायची. माल पास झाला तर "बराबर". नापास झाला तर देणाऱ्याकडं मान वळवून तोच प्रश्न, "हे तुमी खाता का?"

या प्रश्नानं आम्ही किती दाते घालवले असतील, देव जाणे. पण खोटं कशाला बोलू, लोक देतात तरी काय? पुढाऱ्याचा वाढदिवस आला की केळी. तीही एकाच दिवशी चार टोपल्या, आणि दोन दिवसांनी खोलीत पाय ठेवता येत नाही. तारीख उलटलेली बिस्किटं. उपवास संपल्यावरचा साबुदाणा. लग्नातला मसालेभात, भर मे महिन्यात, दुपारी चार वाजता, झाकण उघडलं की डोळ्यांत पाणी. दिवाळीत आणि रमजानमध्ये इतकं येतं की ठेवायला जागा नसते. आषाढ आला, की डबे खणाखणा वाजायला लागतात. आणि डाळ? डाळ कुणी देतच नाही. जे स्वतःला लागतं ते देताना माणसाचा हात आखडतो, हे मी अध्यक्ष म्हणून नाही, त्या तांदळाच्या पिशवीची मालकीण म्हणून सांगते.

नापास झालेला माल मालकानं परत घेतला नाही, तर खाजाभाई तो पिशवीत भरायचे, तोंडाला लाल सुतळी बांधायचे आणि संध्याकाळी सायकलवर घालून घरी न्यायचे. मी एकदा विचारलं, की हे कुठं चाललं.

"कोंबड्या हायेत माझ्या," ते म्हणाले.

"मग कधी अंडी तरी आणा."

"देत न्हाईत सध्या. उन्हाळा हाय."

पावसाळ्यात विचारलं तर पावसाळा होता. थंडीत विचारलं तर थंडी होती. अशा आळशी कोंबड्या मी जन्मात ऐकल्या नव्हत्या.

मग आमच्याकडं जोगळेकरसाहेब आले. बँकेतून निवृत्त होऊन ठाण्याहून लेकीकडं राहायला आले होते. लेक इथं कॉलेजात शिकवते. साहेबांना वेळ जाईना, म्हणून लेकीनं त्यांना आमच्या गळ्यात घातलं. अक्षर मोत्यासारखं, स्वभाव पोलिसासारखा. त्यांनी व्हरांड्यात टेबल टाकलं, दाराकडं पाठ केली आणि आतून जे ऐकू येईल ते रजिस्टरात उतरवू लागले.

पहिल्याच गुरुवारनंतर ते माझ्या घरी आले. दार लावून घेतलं.

"मॅडम, एक गंभीर बाब आहे. हा बरकत कोण?"

"कोण बरकत?"

त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यापुढं धरलं. धुरपताबाई, तीन मापटी. बरकत, एक. सोनाबाई, तीन मापटी. बरकत, एक. असं पानभर. "प्रत्येकाच्या मागोमाग हा मनुष्य येतो. प्रत्येकाच्या चारांतलं एक मापटं घेऊन जातो. सव्वीस वेळा, मॅडम. ना सही, ना अंगठा, ना पत्ता. मी मान वळवेपर्यंत गायब. मला स्पष्ट बोलायला आवडत नाही, पण तो आतल्या मापाऱ्याचा नातेवाईक असावा."

मी इतकी हसले की मला खुर्चीला धरावं लागलं. साहेबांना समजावून सांगितलं. त्यांना पटलं, पण आवडलं नाही. ठाण्यात धान्य पाकिटातून येतं, पाकिटाला कुणी बरकत म्हणत नाही, त्यात त्यांचा काय दोष? मी म्हटलं, ती नावं खोडून टाका. तर म्हणाले, "पेनानं लिहिलेलं मी खोडत नसतो. पंचवीस ठिकाणची 'बरकत' ज्याच्या त्याच्या मापांत मिळवतो. शेवटची एक पानाच्या तळाशी वेगळ्या ओळीत आहे, ती राहील, तिच्यापुढं प्रश्नचिन्ह करतो." आणि यादीच्या शेवटी सत्ताविसावं नाव राहिलं. बरकत, पुढं प्रश्नचिन्ह.

खाजाभाईंना हे सांगितलं तेव्हा हसून हसून त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. तोंडात एक दात कमी आहे, हे मला तेव्हा दिसलं. मग म्हणाले, "लिवलंय तर राहू द्या, साहेब. बरकत यादीत असलेली बरी."

यंदाचा आषाढ मात्र वाईट निघाला. गुरुवार तीन दिवसांवर आला, ज्वारी होती, पण डाळीच्या डब्याचा तळ दिसत होता. धुरपताबाई दोनदा येऊन विचारून गेल्या, की बाई, यंदा वरण मिळंल का. महिनाभर नुसत्या मीठ-मिरचीशी भाकरी त्या कशी खातात, हे मी पाहिलंय. आणि अशा वेळी हळदीचे एक मोठे व्यापारी देवासारखे धावून आले. वडिलांच्या स्मरणार्थ आठ पोती तूरडाळ. सोबत फोटोवाला, बॅनर, हार. मी नवी साडी नेसले होते.

खाजाभाईंनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. त्यांनी मूठ बाहेर काढून उघडली. वरची डाळ पिवळीधमक, तळातली काळपट, गोळे झालेली. गोदाम गळलं होतं आणि पोती भिजली होती. बुरशीचा वास माझ्यापर्यंत आला.

"शेटजी, हे तुमी खाता का?"

शेटजी हसले. "अहो भाई, गरिबाला चालतं. धुऊन घेतील."

"मंग असं करा," खाजाभाई शांतपणे म्हणाले, "यातलीच मूठभर घरी धाडा. वरण करून डबा मागवा. तुमी आन मी हितंच बसून खाऊ. तुमी खाल्लं की आठबी पोती बराबर."

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. शेटजींनी हाराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि हमालांना पोती परत टेम्पोत टाकायला सांगितली. जाता जाता बॅनरही घेऊन गेले.

त्या संध्याकाळी मी खाजाभाईंना जे बोलले ते आठवलं की आजही मान खाली जाते. मी म्हणाले, दोन पोती तरी निवडून काढली असती. म्हणाले, तुमच्या तोऱ्यापायी सव्वीस घरं बिनडाळीची राहणार. आणि मग, जे बोलायला नको होतं तेही बोलले, "आणि त्या लाल सुतळीच्या पिशव्या नक्की कुठं जातात, तेही एकदा कळू द्या."

ते बराच वेळ मापट्याच्या काठावरून बोट फिरवत राहिले. मग उठले. "डाळ येईल, बाई. गुरुवारच्या आत येईल." एवढंच बोलले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ते मापटं आणि तीन पिशव्या घेऊन माझ्या दारात. "चला, अध्यक्ष. बाईमाणूस संगं असलं की लोक सैपाकघराचं दार उघडतात." मी चप्पल घातली. नाही म्हणायला तोंड राहिलं नव्हतं.

प्रत्येक घरी त्यांचं बोलणं तेच. "दान नको. आज तुमी जी डाळ शिजवून राहिले, त्याच डब्यातलं एक मापटं द्या. दुसरं नको." एका घरी बाईंनी माळ्यावरून धूळ झटकत पाकीट काढलं. खाजाभाई म्हणाले, "ते न्हाई. गॅसजवळचा डबा." बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी ओळखीनं हसले, कारण त्या चेहऱ्याची मला सवय होती. पण गंमत अशी, की डबा आणला. बहुतेकांनी आणला. गॅसजवळच्या डब्यातलं मागितलं की माणसाला खोटं बोलता येत नाही. एका पोरीनं उघडला तर तिच्याच डब्यात दोन मापटी उरली होती. खाजाभाईंनी अर्धंच भरलं आणि तिनं हात धरून पूर्ण भरायला लावलं.

आणि प्रत्येक घरी एकच माप, म्हणजे प्रत्येक घरी पहिलंच माप. दोन दिवस त्या माणसाच्या तोंडून "दोन" हा आकडा निघाला नाही. आळीआळीतून नुसतं बरकत, बरकत, बरकत. माझे पाय सुजले, छत्री मोडली, आणि बुधवारी संध्याकाळी तूर, मूग आणि मसूर अशा तिन्ही पिशव्या तोंडापर्यंत भरल्या. गुरुवारी धुरपताबाईंनी डब्यात हात घालून डाळ चाचपली आणि "भरला" असं स्वतःच म्हणाल्या.

माफी मागायची होती. पण तीस वर्षं पोरांना माफी मागायला लावणाऱ्या बाईला ती स्वतःला जमत नाही. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मी खाजाभाईंच्या घरी गेले, ते अंडी मागायच्या निमित्तानं.

मोंढ्यामागं पत्र्याची एक खोली. दार उघडंच होतं. खाजाभाई उंबऱ्याशी उजेडात बसले होते, मांडीवर सूप, सुपात ज्वारी. नाकाला लावून एकेक दाणा बघत होते आणि किडका बाजूला टाकत होते. पलीकडं लाल सुतळीची पिशवी उघडी पडली होती. तीच, मागच्या महिन्यात त्यांनी नापास केलेली. चुलीवर पातेल्यात कण्या शिजत होत्या. भिंतीवरच्या खिळ्याला सोडलेल्या लाल सुतळ्या नीट गुंडाळून टांगल्या होत्या.

"कोंबड्या कुठंयत, खाजाभाई?"

"हायेत की."

मी खोलीत पाहिलं, मागं पाहिलं. एक पीस नाही. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "खाजाभाई, हे तुम्ही खाता का?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "व्हय, बाई."

"आणि तुमच्या राशनचे गहू-तांदूळ?"

"ते चांगले असतेत. धान्यघरात टाकतो."

मग समजूत घातल्यासारखं बोलले. "टाकून कसं द्यावं, बाई? हे कुणी जनावराला दिलं असतं, कुणी नालीत. दाणा हाय शेवटी. पर धुरपताबाईला दिसत न्हाई, तिनं कसं निवडावं? मला दिसतं. मी निवडून घेतो." सूप पुन्हा मांडीवर घेत म्हणाले, "सांज बी निघते. माझी घरवाली जरीना होती तवा ती निवडायची आन मी तिला सांगायचो, आज किती पोती मापली, कोण काय म्हणलं. आता सांगायला कुणी न्हाई, तर निवडत बसतो."

मी रडले. सरळ सांगते. पदर तोंडाला लावून उंबऱ्यावर बसून रडले आणि ते "चाय टाकू का?" असं विचारत राहिले. मग मी डोळे पुसले आणि म्हटलं, उद्याच तुमचं नाव यादीत घालते. तर त्या माणसाला मी पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. "मापणारानं सोताला मापून घ्यायचं न्हाई. चाळीस वर्सं न्हाई घेतलं. नाव घालाल तर मापटं तुमच्या दारात ठेवून जाईन."

नाव मी घातलं नाही. घालायची गरजच नव्हती.

पुढच्या महिन्याच्या गुरुवारी जोगळेकरसाहेबांनी टेबल आत आणलं आणि यादी पुकारायला घेतली. त्यांना मी आधी भेटून आले होते. सव्वीस नावं झाली. खाजाभाई कपड्यानं मापटं पुसायला लागले.

"बरकत," साहेबांनी पुकारलं.

कुणी हललं नाही. खाजाभाई हसले. "साहेब, ते माणूस न्हाई."

"रजिस्टरात आहे. सत्तावीस नंबर. पत्ता मोंढ्यामागं, पत्र्याची खोली." साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "नाव पुकारलं की माप भरलंच पाहिजे, असा इथला नियम आहे ना? आणि यादीत राहू द्या, असं तुम्हीच म्हणाला होतात."

खाजाभाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी नजर वळवली नाही. तीस वर्षांत माझ्यापुढं भल्याभल्यांनी नजर खाली घेतली आहे.

"मापणारानं मापून घ्यायचं न्हाई," ते हळू म्हणाले.

"मग द्या इकडं," मी म्हटलं, आणि त्यांच्या हातातलं मापटं घेतलं. ते वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं. ते उठले, टेबलाला वळसा घालून पलीकडं, जिथं बाकीचे उभे राहतात तिथं जाऊन उभे राहिले. पिशवी त्यांच्याजवळ होतीच, लाल सुतळीची. मी शीग लावून ज्वारी भरली. बरकत, दोन, तीन, चार. माझा आवाज त्यांच्यासारखा खणखणीत लागला नाही, मध्येच फाटला. मग डाळ घेतली.

साहेबांनी रजिस्टर पुढं सरकवलं. खाजाभाईंनी सावकाश सही केली. साहेबांनी त्यापुढच्या प्रश्नचिन्हावर एक बारीक रेघ मारली, पेनानं, आणि म्हणाले, "चला, सापडले एकदाचे."

खाजाभाईंनी पिशवीत हात घातला, डाळीचे दोन दाणे दाताखाली धरले आणि डोळे मिटले. सगळे थांबले. त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते ओले होते, पण सवय जाते कुठं.

"बाई, हे तुमी खाता का?"

"खाते," मी म्हटलं. "आज सकाळीच याचं वरण केलं. माझ्याच गॅसजवळच्या डब्यातलीच आहे."

"बराबर," ते म्हणाले.